सिंगापूर ते बँकॉक : एक गणित व दोन घड्याळें

गणिताच्या तासास आम्हीं एक साधा प्रश्न घातला होता. सकाळीं ९ वाजतां सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून निघालेलें विमान बँकॉकच्या सुवर्णभूमि विमानतळावर १० वाजून २५ मिनिटांनीं पोहोंचलें, तर प्रवासास किती वेळ लागला? बहुतेकांनीं उत्तर दिलें, १ तास २५ मिनिटें. वजाबाकी बिनचूक होती. उत्तर मात्र चुकलें.

प्रथम अंतर काढूं. चांगी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १⅓ अंशावर आहे, आणि सुवर्णभूमि (नांव आपल्या संस्कृतांतलेंच, विमानतळ २००६ सालीं उघडला) सुमारें १३⅔ अंशांवर. म्हणजे १२⅓ अंश उत्तरेस जावयाचें. दर अंशास १११ किलोमीटर धरले असतां १३६९ किलोमीटर होतात. शिवाय बँकॉक ३¼ अंश पश्चिमेस आहे. तें अंतर सुमारें ३५८ किलोमीटर. या दोन बाजू काटकोनांत मांडून कर्ण काढला कीं १४१५ किलोमीटर येतात. पृथ्वी गोल असूनहि सपाट कागदावरचा सिद्धांत येथें इतका जुळतो, याचें आम्हांस कौतुक वाटतें. फार लांबच्या अंतरास मात्र तो लावूं नये.

आतां वेळ पाहूं. हें अंतर १ तास २५ मिनिटांत कापावयाचें तर सरासरी वेग तासास १००० किलोमीटर हवा. प्रवासी जेट विमान उंचावर तासास ८५० किलोमीटरांच्या आसपास जातें, आणि धावपट्टीकडे सरकतांना, चढतांना व उतरतांना त्याहून पुष्कळच मंद. येथेंच शंका यावयास हवी होती. वस्तुतः या प्रवासास सुमारें २ तास २५ मिनिटें धरतात. मग एक तास गेला कोठें?

तो घड्याळांत गेला. प्रस्थान व आगमन हीं त्या त्या गांवच्या घड्याळानें लिहिण्याचा परिपाठ आहे. थायलंडचें घड्याळ १९२० पासून ग्रीनिचच्या ७ तास पुढें आहे. सिंगापूरचें ८ तास. सूर्याच्या हिशेबानें अंशास ४ मिनिटें, म्हणजे ३¼ अंशांस अवघीं १३. बाकीचा फरक मनुष्यानें ठरविलेला. १९८२ च्या आरंभीं मलेशियानें द्वीपकल्पांतील घड्याळ साबा व सारावाक यांच्याशीं मिळविण्यासाठीं अर्धा तास पुढें केलें, आणि शेजारच्या सिंगापूरनेंहि तेंच केलें. म्हणून तेथें सूर्योदय सकाळीं सातच्या सुमारास होतो.

परतीच्या वाटेवर ही चूक महागांत पडते. बँकॉकहून ९ वाजतां निघालेला प्रवासी सिंगापुरांत १२-२५ ला उतरतो. पण त्याच्या मनगटावर ११-२५ च असतात. १ वाजतां सुटणारें पुढील विमान त्यास दीड तासाहून दूर वाटतें. प्रत्यक्षांत तें ३५ मिनिटांवर असतें, आणि दरवाजे त्यापूर्वींच बंद होतात. मोबाईल फोन आपली वेळ आपणच सुधारून घेतो. मनगटी घड्याळास बिचाऱ्यास तें कोण सांगणार!

आतां एक उदाहरण घरीं सोडवावें. मुंबईचें घड्याळ ग्रीनिचच्या ५½ तास पुढें आहे. रात्रीं ११ वाजतां मुंबईहून निघालेलें विमान ५½ तासांनीं सिंगापुरांत उतरलें, तर तेथें किती वाजले असतील, आणि सूर्य उगवला असेल कीं नाहीं? वडील मंडळींस विचारण्यापूर्वीं उत्तर स्वतः काढावें.