कॉम्प्युटर शाखेचा हट्ट आणि जुनी सीएनसी यंत्रे

दहावी-बारावीचे निकाल लागले, की मार्गदर्शनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या प्रश्नांत शब्दांचा फेरफार असला तरी आशय एकच असतो: मुलाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळेल काय, आणि न मिळाल्यास ‘एआय-डेटा सायन्स’ची जागा व्यवस्थापन कोट्यातून केवढ्याला पडेल. न्हावऱ्याचा ऊसबागायतदार असो, कुरकुंभच्या रसायन कारखान्यातला ऑपरेटर असो, की दौंड जंक्शनावर उमेदीची वर्षे घालवून निवृत्तीस आलेला रेल्वे कर्मचारी असो, धास्ती सर्वांची सारखीच. आणि त्या धास्तीच्या मुळाशी मुलाच्या प्रकृतीचा अभ्यास क्वचितच असतो, भावकीतल्या कोणाच्या तरी मुलाचे ‘पॅकेज’ मात्र हटकून असते.

वैद्यक, सनदी लेखापाल, कृषी पदविका, पोलीस भरती या वाटा आपणां सर्वांस ठाऊक आहेत. त्यांची माहिती प्रत्येक वर्तमानपत्र देते, म्हणून मी त्यांवर जागा खर्च करीत नाही.

माझे भांडण कॉम्प्युटर या विषयाशी नाही. ज्या मुलीला रात्री जागून प्रोग्राम लिहिण्यात आनंद वाटतो तिने खुशाल तिकडे जावे. परंतु ज्या मुलाने विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर स्वतः उघडून जळालेली कॉइल बदलली आहे, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा आवाज ऐकून दोष ओळखला आहे, आणि इंग्रजी पुस्तक पाहताच ज्याला झोप येते, त्याला पाऊण एकर गहाण टाकून नव्या नावाच्या शाखेत बसवणे हा माझ्या मते शुद्ध अविचार आहे. शाखेच्या पाटीवरचे नाव बदलले म्हणून तिथली प्रयोगशाळा बदलत नाही, आणि चार वर्षांनी हातात पडणाऱ्या पदवीला नोकरीचा हुकूमनामा जोडलेला नसतो.

अशा मुलासाठी मी एक वाट सुचवतो आणि ती ऐकताच बहुतेक पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. आपल्या शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत, शिक्रापूर-सणसवाडी-कोरेगाव भीमाचा नगर रस्त्यालगतचा पट्टा, आणि या मोठ्या कारखान्यांस सुटे भाग पुरवणारी लहान लहान वर्कशॉपे आहेत. नवे व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कापणारे सीएनसी यंत्र, लहान मालकाच्या बहुधा ऐपतीबाहेरचे असते, म्हणून तो जुने घेतो. आणि जुने घेतले, की पहिल्या दोन-चार वर्षांत त्याच्यापुढे एक दिवस असा येतो, की यंत्राचे लोखंड ठणठणीत आहे, बेड सरळ आहे, बॉलस्क्रूची ढिलाई दुरुस्त होण्याजोगी आहे, परंतु कंट्रोलर मेला आहे आणि त्याचे सुटे भाग मिळत नाहीत. जुन्या फॅनुक कंट्रोलरांत यंत्राचे पॅरामीटर बॅटरीच्या आधारावर जपलेले असतात. ती बॅटरी यंत्र चालू ठेवून बदलायची असते, हे ठाऊक नसलेल्या कोणी सावधगिरी म्हणून मेन स्विच बंद करून ती काढली, आणि पॅरामीटरांची नक्कल कोणी काढून ठेवलेली नसली, तर काल जॉब काढणारे यंत्र आज अलार्मखेरीज काहीही दाखवत नाही. अशा यंत्राला नवा मेंदू, म्हणजे साधा संगणक, बसवण्याच्या कामाला रेट्रोफिटिंग म्हणतात, आणि ते नीट करणारे हात फार थोडे आहेत.

त्या कामाचा गाभा म्हणजे संगणक आणि यंत्र यांच्या मधोमध बसणाऱ्या इंटरफेस बोर्डाची निवड. येथे नवशिका हमखास चुकतो, कारण तो आधी बोर्ड विकत घेतो आणि मग मोटार कोणती आहे ते पाहतो. क्रम उलटा हवा. इलेक्ट्रिकल पॅनेल उघडून प्रथम हे पाहावे, की ड्राइव्हला, म्हणजे मोटार चालवणाऱ्या वीज-मंडलाला, हुकूम कोणत्या स्वरूपात लागतो. जुन्या डीसी सर्व्होच्या ड्राइव्हना पुष्कळदा उणे १० ते अधिक १० व्होल्टचा अ‍ॅनालॉग संदेश लागतो. ते ड्राइव्ह निरोगी असतील तर त्यांना राखून मेसा कंपनीच्या ७आय७७ सारखा, सहा अक्षांचा अ‍ॅनालॉग संदेश देणारा आणि तितकेच एन्कोडर (मोटार किती फिरली ते सांगणारे सेन्सर) वाचणारा बोर्ड घ्यावा. स्टेपर किंवा नव्या पद्धतीचे स्टेप-डिरेक्शन सर्व्हो बसवायचे असतील तर ७आय७६ई सारखा, इथरनेटने जोडला जाणारा बोर्ड पुरतो. आणि काही कंपन्यांचे डिजिटल ड्राइव्ह आपल्याच कंट्रोलरचे संदेश समजतात, दुसऱ्या कोणाचे नाहीत; तेथे बोर्ड कितीही महागाचा घेतला तरी व्यर्थ, ड्राइव्हच बदलावे लागतात, आणि हा खर्च मालकाला आगाऊ न सांगणारा कारागीर पुढे तोंड लपवीत फिरतो.

‘स्वस्तातला पॅरलल पोर्टचा बोर्ड का नको’ असे मुले विचारतात. त्याचे उत्तर गणितात आहे. बॉलस्क्रूची एका फेऱ्याची चाल १० मिलिमीटर, मोटारीच्या एका फेऱ्याला १०,००० पल्स (विजेचे ठोके), म्हणजे दर मिलिमीटरला १,००० पल्स; यंत्राने मिनिटाला १० मीटर धावावे अशी अपेक्षा धरली तर सेकंदाला सुमारे १,६६,००० पल्स पाठवाव्या लागतात. पॅरलल पोर्टातून संगणक स्वतः पल्स मोजून पाठवतो तेव्हा काही दहा हजारांवर त्याचा दम संपतो. शिवाय त्या पोर्टाच्या २५ पिनांपैकी बाहेर जाणाऱ्या १२ आणि आत येणाऱ्या अवघ्या ५. तीन अक्षांचे लिमिट स्विच, होम स्विच, स्पिंडल, वंगण, टूल चेंजर, दरवाजा, एवढ्यांची दाद ५ पिनांत कशी लागणार? मेसाच्या बोर्डावर पल्स घडवण्याचे काम बोर्डावरील चिपच करते, म्हणून संगणकाला किंचित उशीर झाला तरी पल्सची लय मोडत नाही. छंदासाठी लाकूड कोरायचे असेल तर पॅरलल पोर्ट जरूर वापरा. ज्याच्या जॉबवर कोणाच्या घरची चूल पेटते त्या यंत्राला तो लावू नका.

पुढचे सारे काम चिकाटीचे. यंत्रावरील प्रॉक्सिमिटी सेन्सर पीएनपी आहेत की एनपीएन, हे मीटर लावून पाहावे लागते, कारण वरील बोर्डांच्या इनपुटला २४ व्होल्ट आत यावे लागतात आणि एनपीएन सेन्सर ते देत नाही. एन्कोडरच्या केबलचे आवरण एकाच टोकाला अर्थिंगला जोडावे लागते. इमर्जन्सी स्टॉपचे बटण सॉफ्टवेअरच्या भरवशावर कदापि सोडायचे नाही; ते दाबताच ड्राइव्हचा वीजपुरवठा कॉन्टॅक्टरने तुटला पाहिजे, मग संगणक जागा असो वा झोपलेला. आणि अ‍ॅनालॉग सर्व्होला पहिल्यांदा वीज देताना मोटार स्क्रूपासून सोडवून ठेवावी. एन्कोडरची दिशा आणि हुकुमाची दिशा परस्परविरुद्ध जोडली गेली असेल, तर प्रणाली चूक सुधारण्याच्या नादात ती वाढवतच जाते आणि मोटार पूर्ण वेगाने पळत सुटते. मोटार सोडवलेली असेल तर दोन वायरी बदलून भागते, जोडलेली असेल तर टेबल टोकाला आदळून बॉलस्क्रू वाकतो. हे ज्ञान पॅकेजच्या आकड्यात बसत नाही, पण मालक बोलावतो तो याच ज्ञानाला.

आता ‘याची डिग्री कोठे मिळते’ हा प्रश्न. या कामाच्या नावाची पदवी शोधत बसू नका. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा मशीन टूल मेंटेनन्स मेकॅनिक हे दोन वर्षांचे ट्रेड पाहावेत. त्यानंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेशाची सोय आहे, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात अप्रेंटिस म्हणून राहता येते. गुण बरे असल्यास छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचाही विचार करावा. अप्रेंटिसशिप मात्र मेंटेनन्स विभागात मागून घ्यावी, नाहीतर मुलगा वर्षभर पार्ट लोड-अनलोड करतो आणि दाखला घेऊन घरी येतो. संगणकाकडून यंत्र चालवून घेणारी लिनक्ससीएनसी ही प्रणाली फुकट मिळते. तिचे मूळ १९९० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत आहे. एक जुना संगणक, एक स्टेपर मोटार आणि एक साधा बोर्ड एवढ्यावर स्केल, वेग, होमिंग, लॅडर यांची तोंडओळख घरच्या टेबलावर होते. सुरुवातीची काही वर्षे मेंटेनन्सच्या नोकरीत काढावीत, कारण स्वतंत्र कामात पैसे उशिरा येतात आणि रात्री अकरा वाजता फोन येतो. हे मी लपवीत नाही.

मुलींविषयी विचारणाऱ्या आईबापांना सांगतो, की या कामात वजन उचलण्यापेक्षा वायरिंगचा नकाशा वाचणे अधिक असते. अडचण यंत्राची नाही; पाळी संपल्यावर परतीच्या वाहनाची आहे, आणि ती कारखान्याशी बोलून सोडवावी.

राहिला आपला, म्हणजे वडीलधाऱ्यांचा, प्रश्न. दौंडकडचे एक गृहस्थ मला म्हणाले, “साहेब, पोरगं कॉम्प्युटरलाच घालायचंय, बाकीचं काही त्याच्या कानावर घालू नका.” मुलगा शेजारीच बसला होता; तासाभरात तो एक अक्षर बोलला नाही, कारण प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वडील देत होते. आयटीआय म्हटले, की ‘पोरगं वाया गेलं’, ‘सोयरीक कशी जुळेल’, ‘पाहुण्यांना काय सांगू’ ही कैफियत सुरू होते. पाहुण्यांची सोय म्हणून मुलाचे आयुष्य बेतायचे, आणि चौथ्या वर्षी तो चार विषयांत नापास होऊन घरी बसला म्हणजे त्यालाच आळशी ठरवायचे, हा न्याय कोणत्या कचेरीत चालतो? कर्जाच्या कागदावर सही आपली असते, हप्त्यांचे ओझे त्याच्या पाठीवर असते, आणि निवड मात्र भावकीने केलेली असते.

तेव्हा यंदा माझ्याकडे येणाऱ्यांना एक अट. पहिल्या भेटीला मुलाने किंवा मुलीने एकट्याने यावे, आपण बाहेर बाकावर बसावे. येताना गुणपत्रिका आणावीच, पण त्याबरोबर गेल्या वर्षभरात स्वतःच्या हाताने उघडलेल्या, दुरुस्त केलेल्या किंवा बिघडवलेल्या वस्तूंची यादीही लिहून आणावी; गुणपत्रिका मी त्या यादीनंतर पाहीन.