"कोणावर गेलाय?"

वाचन : निर्गम २:१-११, लूक २:४१-५२, रोमकरांस पत्र ८:१४-१७



बाळाच्या बाप्तिस्म्याला पाहुणे जमले की एक प्रश्न हमखास निघतो, "कोणावर गेलाय?" कोणी म्हणते नाक आजोबांचे, कोणी म्हणते हसू अगदी आईचे. कौतुकाचा हा खेळ निरागस असतो. पण कधी कधी त्याच मांडवात दत्तक घेतलेले एखादे मूल उभे असते. त्याच्याकडे नजर गेली की मंडळी गप्प होतात किंवा आवाज खाली येतो. त्या कुजबुजीतून मूल एवढेच शिकते, की आपल्याबद्दल असे काहीतरी आहे जे मोठ्याने बोलायचे नसते.

आज आपण या कुजबुजीचाच विचार करू. त्यासाठी दोन समकालीन लेखिकांची मदत घेऊ आणि मग पवित्र शास्त्राकडे वळू.

तीन आवाजांची कविता

जॅकी के या स्कॉटलंडच्या कवयित्री. त्यांचा जन्म १९६१ साली एडिंबरा येथे झाला. जन्मदाती आई गोरी, स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातली. वडील शिक्षणासाठी आलेले नायजेरियन. ग्लासगोच्या हेलन आणि जॉन के या गोऱ्या दांपत्याने या सावळ्या बाळाला दत्तक घेतले. १९९१ साली जॅकी यांचा 'द अडॉप्शन पेपर्स' हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील दीर्घ कवितेत तिघीजणी बोलतात : जन्म देणारी आई, वाढवणारी आई आणि मुलगी. कोण बोलते आहे हे कळावे म्हणून प्रत्येकीच्या ओळी वेगळ्या टाइपात छापल्या आहेत.

कवितेत एक हृद्य प्रसंग आहे. दत्तक देण्याआधी घर पाहायला समाजसेविका येणार असते. हे घर कम्युनिस्टांचे. आपल्याला नापास करतील या भीतीने ती बाई मार्क्स-एंगल्सची पुस्तके दडवते, घर चकाचक करते. फादर घर आशीर्वादित करायला येणार म्हटल्यावर आपल्याकडे जी धांदल उडते, तशीच ही धांदल. फरक इतकाच, की त्या बाईचे अख्खे आईपण त्या एका भेटीवर टांगलेले आहे.

या कवितेत खरी आई कोणती, असा निवाडा नाही. जिने नऊ महिने वाहिले तिचे दुःख खरे आहे, जिने रात्री जागून काढल्या तिची मायाही खरी आहे. मुलगी आपल्या घरावर जीव टाकते आणि तरीही तिला न पाहिलेला तो चेहरा पाहावासा वाटतो. ही ओढ म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. कवितेत तिन्ही आवाजांना जागा मिळते, म्हणूनच ती मनाला भिडते.

प्रार्थना आणि लाज

पुढे मोठेपणी जॅकी यांनी आपल्या जन्मदात्या पित्याचा शोध घेतला. 'रेड डस्ट रोड' (२०१०) या आत्मकथनात त्या भेटीची हकिकत आहे. नायजेरियातील एका हॉटेलात बापलेक भेटले. वडील आता ख्रिस्ती उपदेशक झाले होते. त्यांनी लेकीला जवळ घेण्याआधी तिच्यावर दीर्घ प्रार्थना सुरू केली. ती त्यांच्या लेखी त्यांच्या जुन्या पापाची खूण होती. आपल्या कुटुंबाला तिच्याविषयी कळावे, अशी त्यांची इच्छा नव्हती.

आपण श्रद्धावंतांनी हा प्रसंग वाचून थांबायला हवे. ज्या घरात देवाचे नाव घेतले जात नव्हते, त्या घराने त्या बाळाला उरी धरले. ज्याच्या ओठी प्रभूचे नाव होते, त्याला तिची लाज वाटली.

आपल्या ख्रिस्तसभेलाही ही जखम ठाऊक आहे. आयर्लंडमध्ये अविवाहित मातांसाठी असलेल्या संस्थांपैकी अनेक धर्मभगिनी चालवीत. तेथील माता व बालकांचे काय झाले, याचा शासकीय चौकशी अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. चौकशीतील १८ संस्थांत मिळून सुमारे ९,००० बालके दगावली होती. आर्चबिशप ईमन मार्टिन यांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. लाज झाकण्यासाठी जेव्हा धर्माचा पडदा वापरला जातो, तेव्हा त्याची किंमत मुले मोजतात.

उन्हाळ्यापुरते घर

त्याच आयर्लंडच्या क्लेअर कीगन यांची 'फॉस्टर' (२०१०) ही छोटी कादंबरी. रविवारची मिस्सा झाल्यावर एक बाप आपल्या लहान मुलीला दूरच्या नात्यातील किन्सेला दांपत्याकडे सोडून येतो. घरी पोरे पुष्कळ, पैसा कमी, आई पुन्हा गरोदर. किन्सेलांच्या घरी तिला न्हाऊ घातले जाते, पोटभर जेवण मिळते, तिच्याशी कोणीतरी शांतपणे बोलते. प्रेमाची सवय नसल्याने ती आधी बावरते.

या घरात गुपित नाही, असे तिला सांगितलेले असते. पण तिला घातलेले कपडे एका मुलाचे असतात. त्या दांपत्याचा एकुलता एक मुलगा बुडून मरण पावला आहे, हे तिला शेजारणीच्या तोंडून कळते. दुःखाविषयी न बोलण्याची रीत चांगल्या माणसांच्या घरीही असते. उन्हाळा संपतो, ती परत येते. शेवटी ती धावत जाऊन किन्सेलांना बिलगते आणि तिच्या तोंडून बापाला मारायची हाक निघते. ती हाक नक्की कोणासाठी, हे लेखिका उलगडून सांगत नाही. वाचणाऱ्याच्या मात्र घशात आवंढा येतो.

संत योसेफाने काय ऐकले?

आता पवित्र शास्त्र पाहू. मोशेला दोन माता होत्या. एकीने जन्म दिला व दूध पाजले. दुसरीने, फारोच्या कन्येने, त्याला पुत्र मानून नाव दिले. मोठा झाल्यावर तो आपल्या भाऊबंदांना पाहायला बाहेर पडला. राजवाड्यात वाढलेल्या मोशेलाही आपले मूळ पाहावेसे वाटले!

बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तो प्रसंग आठवा. "तुझे वडील व मी" किती कष्टी होऊन तुला शोधत होतो, अशा अर्थाने मरिया बोलते. येशू उत्तरात आपल्या पित्याच्या घराविषयी बोलतो. शेजारी योसेफ उभा आहे. तीन दिवस शोधून थकलेल्या त्या माणसाने हे ऐकले. पण "मग मी तुझा कोण?" असे तो विचारत नाही. त्या मुलाला घेऊन तो नासरेथला परततो आणि लूक सांगतो की येशू त्यांच्या आज्ञेत राहिला. मुलाचे मूळ मान्य केल्याने योसेफाचे पितृत्व कमी झाले नाही. ५ जानेवारी २०२२ च्या शिकवणीत पोप फ्रान्सिस यांनी याच योसेफाकडे बोट दाखवून, दत्तक घेण्यास भिऊ नका, असे जोडप्यांना सांगितले होते.

संत पौल तर आपल्या सर्वांनाच दत्तकपण मिळाले आहे, असे शिकवतो. रोमन समाजात दत्तक पुत्र पूर्ण वारस होई. तेव्हा बाप्तिस्म्याच्या कुंडाशी आपण सगळेच दत्तक मुले आहोत. कुजबूज कोणी कोणाविषयी करायची?

आपल्या घरी

आपल्या देशात ख्रिस्ती जोडप्यांना पूर्वी १८९० च्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे. मूल सज्ञान झाले की तेही संपे. बालन्याय कायदा (२०००) व त्यातील २००६ च्या दुरुस्तीने वाट मोकळी झाली. कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला बालन्याय कायद्याखाली दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले. असे दत्तक मूल आज कायद्याने पूर्णपणे आपले असते. कायद्याने केले ते आता आपल्या जिभेने करायचे आहे.

मुलाला सत्य आईवडिलांकडूनच, लहानपणी, साध्या शब्दांत कळावे. शेजारणीकडून किंवा भांडणात कळले तर ते घाव होते. मुलाने जन्मदातीविषयी विचारले तर डोळ्यांत पाणी आले तरी चालेल, पण त्याला गप्प करू नये. आणि बाकीच्यांनी "तुमचे स्वतःचे मूल नाही का?" हा प्रश्न कायमचा सोडून द्यावा.

कुटुंबात विचार करण्यासाठी

१. आपल्या घरात कोणत्या गोष्टीविषयी हळू आवाजात बोलले जाते? का?
२. रक्ताचे नाते नसूनही मला कोणी वाढवले, सांभाळले? त्यांना मी हे कधी सांगितले आहे का?
३. आपल्या धर्मग्रामात दत्तक मूल किंवा एकटी माता असेल, तर आपले वागणे योसेफासारखे आहे काय?

प्रार्थना : हे संत योसेफा, तू ज्याला नाव दिलेस त्याला तू हाताला धरून घरी नेलेस. आमच्या घरांची दारे आणि आमची तोंडे तुझ्यासारखी दयाळू होवोत. आमेन.