सर्वनामांची हजेरी

रामदासपेठ, नागपूर

चि. इरास,

तालमीच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी गोल बसून नावासोबत आपापली सर्वनामंही सांगायची, असा प्रस्ताव तुमच्या नाट्यसंस्थेत आला आणि त्यावरून दोन तट पडले, असं तू लिहितेस. मिहानमधल्या तुझ्या ऑफिसातही ईमेलच्या सहीखाली तेच लिहा म्हणून सूचना फिरते आहे. दोन्हीकडे काय भूमिका घ्यावी, असा तुझा प्रश्न. माझं मत आधीच सांगून टाकते. ज्याला सांगायचं असेल त्याला मोकळेपणाने सांगू द्यावं, सांगितलेलं पाळणं बाकीच्यांना बंधनकारक असावं, आणि सरसकट सगळ्यांना विचारत सुटू नये. मराठीत काम करणाऱ्यांनी तर नाहीच. तुमच्यातला एक तट याला थेर म्हणतो आणि दुसरा पुण्यकर्म. दोघांनीही आपण कुठल्या भाषेत बोलतो याचा विचार केलेला दिसत नाही.

हा रिवाज इंग्रजीत जन्मला आणि तिथे तो समजण्यासारखा आहे. इंग्रजीत माणूस स्वतःबद्दल तासभर बोलला तरी तो पुरुष की स्त्री हे वाक्यांवरून कळत नाही. पेच पडतो तो तिसऱ्याने त्याच्याविषयी बोलताना. म्हणून आधी विचारून घ्यायची सोय निघाली. आपल्याकडे 'मी'ला लिंग नाही, पण क्रियापद गप्प बसत नाही. 'मी अमरावतीहून आले' म्हटलं की सांगायचं ते सांगून झालं. ज्याला ते सांगायचं नसतं, किंवा ज्याचं स्वतःशीच अजून ठरलेलं नसतं, त्याला मराठी आडवाटाही देते. 'मला उशीर झाला', 'मी ते नाटक वाचलं', 'माझं पाठांतर झालंय' अशा वाक्यांत बोलणाऱ्याचं काहीच उघड होत नाही. असं बेतून बोलत एखाद्याला महिनोन् महिने काढता येतात. गोल बसवून एकेकाला विचारलंत की नेमका तोच आडोसा जातो. शिवाय आपल्या व्यवहारात स्त्री-पुरुषाचा निवाडा सर्वनामापेक्षा हाकेत होतो. इथल्या कुठल्याही दवाखान्याच्या काउंटरपाशी पाच मिनिटं उभी राहा: 'काका, फाइल द्या', 'ताई, तिकडे बसा', 'भाऊ, नंबर कितवा?', 'मॅडम, आधारकार्ड?' एवढ्या वेळात तो-ती क्वचितच ऐकू येईल. तेव्हा ईमेलखाली दोन इंग्रजी शब्द लिहिले आणि कँटीनमध्ये 'दादा, डबा आणला का?' म्हणून हाक मारली, तर त्या सहीचा उपयोग काय? इंग्रजीचं बघून 'ते' वापरू म्हणावं, तर एकवचनी 'ते' आपण लेकरासाठी तरी वापरतो नाही तर हेटाळणीने, 'ते ध्यान कुठे गेलं?' असं, आणि आदरार्थी 'ते आले' म्हटलं तर वळण पुल्लिंगी होतं. 'त्यांना', 'त्यांनी', 'त्यांचं' ही रूपं मात्र कुणालाही चालतात. तेवढी वाट मोकळी आहे आणि ती वापरायला काही हरकत नाही.

यावर दुसऱ्या तटाचं सगळ्यात वजनदार उत्तर मला ठाऊक आहे. सगळ्यांनी सांगितलं नाही तर सांगणारा एकटा पडतो. सगळे सांगू लागले की त्याचं सांगणं वेगळं उठून दिसत नाही. मुद्दा खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नकोस. पण हे सोबत असणं मराठीत आधीच घडलेलं असतं, कारण प्रत्येक जण पहिल्याच वाक्यात आलो किंवा आले म्हणतो. त्या गोलाने सोबतीत भर पडत नाही, भर पडते ती दडपणात. पंचवीस जणांसमोर खोटं बोलायचं की सगळं उघड करायचं, एवढाच पर्याय संकोचलेल्या पोरापुढे उरतो. सक्तीच्या नोंदीविषयीची धास्तीही उगाच आलेली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नावं-पत्ते सरकारी नोंदवहीत चढवायची तरतूद होती, आणि नोंद झालेला माणूस बायकी वेशात रस्त्यावर दिसला तर त्याला वॉरंटाशिवाय पकडता येत असे. तो अंमल मुख्यतः उत्तरेकडे, वायव्य प्रांतात झाला, पण सर्वोच्च न्यायालयाला तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात त्याची आठवण काढावी लागली. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी बाजू मांडायला पुढे आल्या होत्या. आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा, हे त्या निकालाचं सार. पुढे २०१७ साली पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाही मूलभूत हक्क ठरवला. दोन्ही एकत्र वाच. ओळख ठरवायची मी, आणि ती कुणाला कधी सांगायची हेही ठरवायचं मीच. तुमच्या ठरावात यातला पहिला अर्धा आहे, दुसरा गळाला आहे.

आता 'ही परदेशी फॅडं' म्हणणाऱ्यांकडे वळते. शब्द परदेशी असेल, गोष्ट नाही. तृतीयपंथीयांच्या जमातीत गुरू-चेल्याचं नातं आणि स्त्रीलिंगी बोलणं पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगते साडी नेसून जोगवा मागतात आणि गाव त्यांना ओळखतं. नागपुरातही २०१६ साली पहिली अभिमान यात्रा निघाली, तेव्हा हे मुंबई-पुण्याचं खूळ असंही म्हणता येणार नाही. आणि रंगभूमीवाल्यांनी तर हा आक्षेप घेऊच नये. बालगंधर्वांच्या भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू पाहून चांगल्या घरच्या बायका त्यांच्यासारखं पातळ नेसू लागल्या, गजरे माळू लागल्या, आणि तेच प्रेक्षक थिएटराबाहेर त्यांना नारायणराव म्हणत. भूमिका एक आणि माणूस एक, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. आपल्या झाडीपट्टीतल्या खडी गंमत या लोकनाट्यातही बायकी वेशातला नाच्या पुरुषच असे. पण यावरून आपला समाज पहिल्यापासून उदार होता असा निष्कर्ष काढू नकोस. तमाशापटांत नाच्या रंगवणारे गणपत पाटील आठव. संसारी गृहस्थ, पण लोकांनी पडद्यावरचा शिक्का त्यांच्या खऱ्या आयुष्यावर मारला आणि टोमणे घरच्यांनीही सोसले. एवढ्या सराईत प्रेक्षकाला गंधर्वांच्या बाबतीत जे जमलं ते पाटलांच्या बाबतीत का जमू नये? माझ्या मते फरक प्रतिष्ठेचा आहे. गंधर्वांची भूमिका खानदानी स्त्रीची होती, म्हणून माणसाला अंतर मिळालं. पाटलांची भूमिका हसण्यासाठी होती, म्हणून ती माणसाला चिकटली. तेंडुलकरांच्या १९८१ च्या 'मित्राची गोष्ट'मध्ये सुमित्रा कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करते, आणि ती वठते याचं कौतुक करणारं जग तिचं खरं प्रेम मात्र खपवून घेत नाही. तालीम घेणाऱ्याने यातून घ्यायचं ते असं, की मंचावर काय चालतं याने काहीच सिद्ध होत नाही. खरी परीक्षा चहाच्या सुट्टीत. स्त्रीपार्ट करणाऱ्या पोराला सुट्टीतही 'ए बाई' म्हणून हाका मारून खिदळण्याची सवय पुष्कळ संस्थांत आहे. ती तू पहिल्याच दिवशी मोडून काढ. त्याला कुठलाही ठराव लागत नाही, एकदा आवाज चढवून बोललीस तरी पुरे.

भाषा बिघडेल अशी काळजी वाहणारेही तुमच्यात असतील. त्यांना कोल्हापूरला जाऊन यायला सांग. तिकडच्या बायका सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात आणि त्यांच्या बाईपणाविषयी कुणाला शंका येत नाही. मराठीने एवढं पचवलंय, तर एखाद्याने 'आलो'चं 'आले' केल्याने ती आजारी पडणार नाही. याहून गंभीर आक्षेप म्हणजे आज ती, उद्या तो, याला धरबंध काय? याचं उत्तर जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये मिळतं. तिथे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत स्त्रियांसाठी राखीव जागेवर अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने भरलेला अर्ज फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला, आणि संधी साधण्यासाठी आपण पुढे पुरुष म्हणवून घेणार नाही हे तिचं म्हणणं नोंदवूनही घेतलं. पुढे ती निवडूनही आली. जिथे राखीव जागेचा, म्हणजे कुणाच्या तरी वाट्याचा प्रश्न असतो, तिथे अशी हमी मागणं रास्तच. तालमीत किंवा ऑफिसच्या टेबलावर कुणाचा वाटा जात नाही. तिथे सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला काय खर्च येतो? फार तर दोन आठवडे जीभ अडखळेल. चुकलं तर चूक सुधारून पुढे जावं, माफीचा सोहळा करू नये. त्याने अवघडतो तो समोरचाच.

ऑफिसचं सांगते. सहीखालच्या ओळीला माझा विरोध नाही, पण ती व्यवस्थापनाला फार स्वस्तात पडते, एवढं ध्यानात ठेव. लिंक्डइनने २०२१ साली सर्वनामांचा रकाना दिला आणि कंपन्यांनी उत्साहाने तो भरून घेतला. जानेवारी २०२५ च्या अखेरीस अमेरिकेच्या केंद्र सरकारी खात्यांत त्याच ओळी सह्यांखालून काढून टाकायचा हुकूम निघाला आणि त्या निघाल्याही. आता याच्या शेजारी बीडच्या पोलीस शिपाई ललित साळवे यांचं प्रकरण ठेव. स्त्री म्हणून भरती झालेल्या या शिपायाने २०१७ साली शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती आधी नाकारली गेली, कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्यावर ते ललित म्हणून पोलीस दलातच राहिले. तिथे प्रश्न रजेचा होता, भरतीच्या निकषांचा होता, नोकरी टिकण्याचा होता. कोची मेट्रोने २०१७ साली वीसहून अधिक तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या, देशभर कौतुक झालं, आणि त्यांतल्या काहींनी आठवड्याभरातच काम सोडलं, कारण शहरात त्यांना परवडेल अशी खोली कुणी भाड्याने देईना. म्हणून तुझ्या मनुष्यबळ विभागाला सही बदलून झाल्यावर पुढचे प्रश्न विचार. तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या २०१९ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं. आपल्याकडचा अधिकारी कोण? पगारपत्रकावर आणि ओळखपत्रावर नाव बदलायला किती दिवस लागतात? स्वच्छतागृह कुठलं? रात्रपाळीच्या गाडीत कुणाशेजारी बसवता? याची उत्तरं नसतील तर सहीचा आग्रह तूर्त बाजूला ठेवा म्हणावं. आधी शब्द आले की बाकीचं मागून येतं, असं यावर कुणी म्हणेल. कधी कधी येतंही. पण केलं काहीतरी, एवढ्या समाधानावर पुढचं राहून जाताना जास्त दिसतं.

तुमच्या संस्थेत मी असते तर ठराव असा मांडला असता: पहिल्या दिवशी प्रत्येकाने नाव सांगावं, आणि आपल्याला कशी हाक मारावी हे सांगायचं असेल तर तेव्हा किंवा नंतर कधीही, दिग्दर्शकाला एकट्यात सांगितलं तरी चालेल. न सांगणाऱ्याला कुणी विचारू नये. सांगितलेलं सगळ्यांनी पाळावं, तो माणूस खोलीत नसतानाही. पाठीमागे जुन्याच नावाने उल्लेख करायचा आणि तोंडावर नवं, हे चालणार नाही. पहिल्या दिवसाची ही बैठकही मराठीतच घ्या. 'सर्वनाम' म्हटलं की अर्ध्या लोकांना सातवीचं व्याकरण आठवतं, 'मला ताई म्हणा', 'दादा म्हणा' किंवा 'नुसतं नावाने हाक मारा' हे मात्र नेपथ्य लावणाऱ्या पोरालाही कळतं. जाहिरात आणि श्रेयनामावली छापायला टाकण्याआधी प्रत्येकाचं नाव त्याच्याकडूनच लिहून घ्या आणि श्री., सौ., कु. हे सगळ्यांच्याच नावापुढून काढून टाका. एक पेच मात्र यातून सुटत नाही. राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाची रौप्यपदकं पुरुष आणि स्त्री अशी विभागून दिली जातात, तेव्हा यादीत कुणाला कुठे धरायचं हे कधी ना कधी विचारलं जाणारच. ते नाव पाठवण्याआधी त्या कलावंताशी बोल, त्याच्या किंवा तिच्या सांगण्यावरून ठरव, आणि संस्थेतर्फे सांस्कृतिक कार्य संचालनालयाला लेखी विचार की दोन्हीत न बसणाऱ्याने काय करायचं. उत्तर आलं तर मलाही कळव.

दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी
आत्या