मध्यरात्रीचा घोगरा खोकला

सायंकाळी किंचित नाक वाहत असलेले, परंतु जेवूनखाऊन झोपी गेलेले दोन वर्षांचे मूल मध्यरात्रीच्या सुमारास एकाएकी उठून बसते. त्याचा खोकला नेहमीचा नसतो. कुत्र्याच्या भुंकण्यासारखा घोगरा असतो. आवाज बसलेला असतो आणि श्वास आत ओढताना घशातून कर्कश ध्वनी उमटतो. मूल भेदरून रडू लागते आणि त्याच्याहून अधिक भेदरतात ती घरातील वडीलधारी माणसे.

वैद्यकशास्त्रात या विकारास ‘क्रूप’ म्हणतात. सहा महिने ते तीन वर्षे या वयाच्या मुलांत तो विशेषेकरून आढळतो आणि त्याचे कारण बहुधा सर्दीचे विषाणू हेच असते. या विषाणूंमुळे स्वरयंत्रास व त्याच्या लगत खालच्या श्वासनलिकेस सूज येते. आता थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चार मिलिमीटर रुंदीच्या नलिकेत सभोवार एक मिलिमीटर सूज आली, तर तिची रुंदी निम्मी होते. मात्र हवेला होणारा अडथळा दुपटीने नव्हे, तर सुमारे सोळा पटींनी वाढतो. प्रौढाच्या रुंद श्वासनलिकेत तेवढीच सूज आली तर बहुधा नुसता आवाज बसण्यावर भागते.

मूल रडू लागले की ते जोराने श्वास ओढते आणि त्या ओढीने अरुंद झालेला मार्ग आणखी आत खेचला जातो. म्हणूनच मुलाला शांत ठेवणे हा केवळ मायेचा भाग नसून तो उपचारच होय. आईने वा वडिलांनी त्याला मांडीवर ताठ बसवावे, हलक्या स्वरात बोलावे. त्याला बळेच आडवे निजवू नये. ज्या स्थितीत बसून त्याला बरे वाटते, त्याच स्थितीत राहू द्यावे. अंगावर पांघरूण घालून काही मिनिटे अंगणातील गार हवेत नेल्यास पुष्कळ मुलांना आराम पडतो. ताप असल्यास नेहमीचे तापाचे औषध वयाप्रमाणे देता येते.

आपल्याकडे अशा वेळी वाफारा देण्याची रीत आहे. क्रूपमध्ये तिचा उपयोग होतो असे दिसून आलेले नाही; उलट उकळते पाणी सांडून मूल भाजण्याचा धोका मात्र खरा आहे. घसा पाहण्यासाठी तोंडात बोट वा चमचा घालणे, धाप लागलेली असताना मध किंवा काढा पाजणे, झोप आणणारे खोकल्याचे औषध देणे, हे सारे टाळावे. छातीला वा पोटाला डागण्याच्या अघोरी प्रकाराविषयी तर निराळे सांगावयास नको.

आता रुग्णालयात केव्हा न्यावयाचे? मूल शांत बसलेले असतानाही श्वासाचा कर्कश ध्वनी ऐकू येत असेल, प्रत्येक श्वासाबरोबर गळ्याखालची खळगी व बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, लाळ गिळता येत नसेल, ओठ निळसर झाले असतील किंवा मूल सुस्तावले असेल, तर उजाडण्याची वाट पाहू नये. येथे एका फसव्या गोष्टीची जाणीव ठेवली पाहिजे. घरघर कमी होऊनही मूल मलूल पडले असेल, तर तो उतार नव्हे. श्वास घेऊन घेऊन ते थकले आहे. महाराष्ट्रात 2014 पासून 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.

रुग्णालयात बहुधा डेक्सामेथासोनची एक मात्रा देतात व काही तासांत सूज ओसरू लागते. विकार तीव्र असल्यास ॲड्रेनालिन हे औषध सूक्ष्म तुषारांच्या रूपाने श्वासावाटे देतात. त्याने लगेच आराम पडतो, परंतु दोनेक तासांत त्याचा अंमल उतरू शकतो. म्हणून मूल हसू लागले तरी डॉक्टर थांबावयास सांगतात; पालकांनी घरी जाण्याचा आग्रह धरू नये. विकार विषाणुजन्य असल्याने प्रतिजैविकांची सहसा गरज नसते.

प्रत्येक घुसमट क्रूपची नसते. सर्दी-ताप नसताना, शेंगदाणे वा फुटाणे खाताना मूल एकदम गुदमरले, तर दाणा श्वासनलिकेत गेल्याची शंका घ्यावी. पुढे खोकला थांबला तरी त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. लसीकरण न झालेल्या मुलाच्या घशात राखाडी पडदा दिसला किंवा मान सुजली, तर घटसर्पाचा विचार करावा लागतो. त्याची लस दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या वयात देतात आणि पुढे दीड ते दोन वर्षे व पाच ते सहा वर्षे या वयांत वर्धक मात्रा देतात. घाईगर्दीत या वर्धक मात्रांचाच घरोघर विसर पडतो.

क्रूप झालेले मूल दिवसा खेळताना दिसते, म्हणून घरची मंडळी निश्चिंत होतात. परंतु हा त्रास दुसऱ्या व तिसऱ्या रात्रीही उलटण्याचा संभव असतो. त्या रात्री एका जाणत्या माणसाने मुलाजवळच निजावे आणि गावात कोणाचे वाहन मिळू शकेल, याची विचारपूस दिवसाउजेडीच करून ठेवावी.