आधी गळती, मग गच्ची

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि लगेच कळलं, तू पुरती गांगरली आहेस. घराचे हप्ते चालू, हातात सोलरवाल्यांची तीन कोटेशन्स, त्यात सासूबाई म्हणतायत, 'मोरीचं पाणी झाडांना? शी!' बस जरा माझ्याजवळ. चहा घे आणि ऐक.

खरं सांगू का, यातलं एकही काम तुला न जमणारं नाही. फक्त क्रम चुकू देऊ नकोस. आधी वाया जाणारं थांबव, मग वापरलेलं पुन्हा वापर आणि सगळ्यात शेवटी गच्चीवर पॅनेल चढव. मी सुरुवातच शेवटाकडून केली होती, म्हणून तुला इतकं बजावतेय.

आधी गेल्या बारा महिन्यांची विजेची बिलं काढ आणि युनिटं एका कागदावर लिही. समज, महिन्याला सरासरी 280 युनिटं निघाली. आता पंख्यांकडे बघ. जुना पंखा साधारण 75 वॉट खातो, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. चार पंखे रोज दहा तास फिरले, तर महिन्याला 54 युनिटं वाचतात. म्हणजे तुझी गरज 226 वर आली. एक किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी चार युनिटं देतं, तेव्हा दोन किलोवॅटमध्ये तुझं भागेल. पंखे न बदलता सोलर घेतलंस, तर तीन किलोवॅटचे पैसे मोजशील. कळलं ना, मी क्रम क्रम का करतेय ते?

आता पाणी. गळका नळ आजच्या आज दुरुस्त करून घे आणि बेसिनच्या नळाला जाळीचा एरेटर बसव. वॉशिंग मशीनचं शेवटच्या खळबळण्याचं पाणी पिंपात धर, त्यात अंगण धुऊन निघतं. आरओमधून एक लिटर पाणी मिळवताना बरेचदा दोन-तीन लिटर बाहेर जातं. ते बादलीत घे आणि लादी पुसायला वापर. कुंड्यांना मात्र रोज घालू नकोस, त्यातले क्षार मातीत साठत जातात.

मोरीच्या पाण्याचं म्हणशील, तर सासूबाईंना कोकणातल्या जुन्या घरांचं परस आठवायला सांग. मोरीची पन्हळ जिथे उतरायची, तिथे केळ आणि अळू माजलेलं असायचं. हे आपल्याच घरातलं शहाणपण आहे गं. न्हाणीचं पाणी केळीला, कर्दळीला सोड. पण ते मुळाशीच जाऊ दे, पानांवर नको आणि कोथिंबीर-मेथीला तर मुळीच नको. साठवूनही ठेवू नकोस. दुसऱ्या दिवशी वास मारतं, डासही होतात. आणि भांड्यांचं पाणी यात मिसळू नकोस. मी सिंकचा पाइप थेट मोगऱ्याच्या वाफ्यात सोडला होता. तेलाच्या तवंगाने माती आवळून गेली आणि आठ वर्षांचा मोगरा गेला. अजून वाईट वाटतं.

गच्चीवरच्या पावसाचा हिशोब तर तोंडीच होतो बघ. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांची गच्ची 93 चौरस मीटर भरते. पुण्याकडे वर्षाला 700 मिलिमीटर धर. पासष्ट हजार लिटर झाले! थोडं वाया गेलं तरी पन्नास हजार कुठे गेले नाहीत. पहिल्या सरींनी गच्ची धुऊन जाऊ दे, मग पाणी गाळून टाकीत किंवा बोअरच्या पुनर्भरणाला सोड.

हे झालं की सोलर. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला 60 हजार आणि तीन किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान आहे. ते पॅनेल बसल्यानंतर खात्यात येतं, म्हणून आधीच्या पैशांची सोय करून ठेव. विक्रेता योजनेत नोंदलेला आहे ना, हे स्वतः तपास. नेट मीटर लागला की दिवसाची जास्तीची वीज महावितरणला जाते आणि बिलातून वळती होते. आणि हो, बॅटरी नसलेलं साधं सोलर वीज गेली की बंद पडतं. खांबावर चढलेल्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणूनची ती सोय आहे. तेव्हा घाबरून तक्रार करत बसू नकोस.

सावली मात्र नीट बघ. आम्ही मे महिन्यात पॅनेल बसवली, तेव्हा गच्चीभर लख्ख ऊन होतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलला आणि पाण्याच्या टाकीची लांब सावली थेट पॅनेलवर. एका पॅनेलवर सावली आली की रांगेतल्या बाकीच्यांचीही वीज घटू शकते. शेवटी टाकी हलवायचा खर्च अंगावर आला.

म्हणून या रविवारी एकच कर. गच्चीवर जा, टाकी आणि शेजारची झाडं कुठल्या बाजूला आहेत ते बघ आणि सकाळी नऊ, दुपारी बारा, चार असे तीन फोटो मला पाठव. कोटेशन्स तोवर कपाटात राहू देत. बिलांचा कागदही सोबत जोड. आपण दोघी मिळून बघू.