पंधरा वर्षांची गाडी आणि स्वस्तातला विमा

गाडीला पंधरा वर्षे झाली आणि नोंदणी वाढवायची वेळ आली, की आपल्याकडे विम्याचा विचार एकाच अंगाने होतो: आरटीओत कागद चालला पाहिजे. एजंटही तेवढेच विचारतो, ‘भाऊ, थर्ड पार्टी टाकून देऊ ना?’ त्या कागदाने फाईल पुढे सरकते, यात शंका नाही. पण आपल्या गाडीचे नुकसान झाले तर त्यातून एक रुपया मिळत नाही, हे मी मामेभावाच्या गाडीवरून पाहिले.

वरोऱ्याहून चिमूरकडे निघाले आणि शेगाव मागे टाकले, की दिवस मावळताना रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरे रस्त्यावर येतात. मामेभावाच्या गाडीवर असाच तुरीच्या शेतातून एक रोही येऊन आदळला. माणसे वाचली, बोनेट, रेडिएटर, दिवे, पुढची काच सगळे गेले. गॅरेजवाल्याने पॉलिसी मागितली, वाचली आणि परत हातात दिली. ती नुसती थर्ड पार्टी होती. समोर दुसरी गाडी नाही, दुसरा माणूस नाही, मग भरपाई कशाची? दुरुस्तीचा सगळा पैसा त्याने पदरचा घातला. पुढे माझ्या गाडीची पंधरा वर्षे भरत आली, तेव्हा अर्ज करण्याआधी मी विम्याचे पर्याय मांडून बसलो. ते करताना जे समजले, ते सांगतो.

आधी तारखा पाहा. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. मुदत संपण्याच्या आधी साठ दिवसांच्या आत फॉर्म 25 भरता येतो. एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षे झालेल्या कारच्या पहिल्या मुदतवाढीला 5,000 रुपये शुल्क आहे, उशीर झाला तर खासगी कारला दरमहा 500 रुपये वेगळे. पर्यावरण कर निराळा. गाडी तपासणीला न्याल त्या दिवशी विमा आणि पीयूसी दोन्ही चालू हवेत.

नोंदणी लांबवण्यात दुसरा धोका दंडापेक्षा मोठा आहे. राजस्थानातल्या एका माणसाची नवी बोलेरो चोरीला गेली होती. विमा चालू होता, पण तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपली होती. सप्टेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याचा दावा नाकारला. वैध नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणणे हाच पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग, असे कोर्टाचे म्हणणे. म्हणून आरसीवरची आणि पॉलिसीवरची तारीख शेजारी-शेजारी ठेवून वाचा. नुसता हप्ता भरल्याने काम भागत नाही.

आता पर्याय. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याचे दर सरकार ठरवते. जून 2022 च्या दरपत्रकात 1000 सीसीपर्यंतच्या कारला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 आणि त्यावर 7,897, जीएसटी वेगळा. हा मूळ दर सगळ्या कंपन्यांचा सारखाच, त्यामुळे त्यासाठी दहा दुकाने फिरण्यात अर्थ नाही. तुलना करायची ती स्वतःच्या नुकसानीच्या भागाची, कारण तिथे प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा निघतो.

थर्ड पार्टीत आणखी एक मोठी खोच आहे. खासगी कारमध्ये बसलेली आपलीच माणसे, म्हणजे बायको, आई, पाहुणे, नुसत्या थर्ड पार्टीत धरली जात नाहीत. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टी आणि स्वतःच्या नुकसानीचा विमा एकत्र असतो तिच्यात, मात्र ती येतात, हे सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये स्पष्ट केले आहे. लग्नसराईत गाडी भरून नागपूर-चंद्रपूर करणाऱ्याने एवढी एक गोष्ट तरी ध्यानात ठेवावी. चालवणाऱ्या मालकासाठी 15 लाखांचे अपघात संरक्षण वेगळे घ्यावे लागते. तेवढे दुसरीकडे आधीच असेल तर पुन्हा घेण्याची गरज नाही.

मग पॅकेज घेतले की सगळे मिळते का? नाही. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर निम्मी घसारा-कपात होते. रबर, प्लास्टिक, बॅटरी यांवरही निम्मी. काचेवर कपात नाही. समजा धातू-प्लास्टिकचे सुटे भाग 30,000 चे आणि मजुरी 10,000 रुपये. भागांचे 15,000 आणि मजुरीचे 10,000 धरले, त्यातून 1500 सीसीपर्यंतच्या कारची सक्तीची 1,000 रुपयांची कपात गेली, तर हाती 24,000 येतात. बाकीचे 16,000 आपले. झिरो डेप हे जादा संरक्षण घेऊन ही कपात टाळता येते, पण इतक्या जुन्या गाडीला ते सहसा मिळत नाही. म्हणून गणित असे करा: पॅकेजसाठी वर्षाला जास्तीचे किती मोजायचे आणि गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, किती मिळते. पाच वर्षांवरच्या गाडीचा हा आकडा कंपनी आणि आपण मिळून ठरवतो. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही पाडलेला नाही ना, ते आधी पाहा. गाडी चोरीला गेली तर त्याच आकड्यावर पैसे मिळतात.

नो क्लेम बोनसही मोजा. पाच वर्षे दावा नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या भागाच्या हप्त्यावर 50 टक्के सूट मिळते, आणि पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की ती जाते. किरकोळ खरचटल्याचा दावा करून ती घालवू नये.

आपल्या भागासाठी चार गोष्टी खास. पांढऱ्या पाटीच्या गाडीत ताडोबाचे पर्यटक भाड्याने नेत असाल तर दावा नाकारला जाऊ शकतो, कारण पॉलिसी खासगी वापराची असते. गॅस किट बसवले असेल तर त्याची नोंद आरसी आणि पॉलिसी दोन्हीवर हवी. गाडी जुनी विकत घेतली असेल तर विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा, नाहीतर आपल्या नुकसानीचा दावा अडतो. आणि पावसाळ्यात गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. पाणी ओढून बिघडलेले इंजिन साध्या पॅकेजमध्ये बहुधा भरून मिळत नाही.

माझे मत सरळ आहे. गाडी गावातल्या गावात फिरत असेल आणि विकली तर पन्नास हजारही येणार नसतील, तर थर्ड पार्टी आणि मालकाचा अपघात विमा पुरे. पण जंगलाच्या रस्त्याने रात्री-अपरात्री घरची माणसे घेऊन जात असाल, तर पॅकेजच घ्या. आणि एजंटाने पाठवलेला कागद आरटीओच्या फाईलला लावण्याआधी एकदा स्वतः वाचा.