कोणाचे ओझे जड?

(घर बरोबर घेऊन फिरणाऱ्या गाडीत किती सामान न्यावे, यावरून पती-पत्नीत झालेल्या वादाची ही हकीकत आहे. हा वाद कसा मिटला आणि त्यात साधे गणित कसे उपयोगी पडले, ते या पाठात वाचा.)

विद्यार्थी मित्रांनो, प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्री तुमच्या घरात काय चालते? एक जण म्हणतो, "दोन जोड कपडे पुरेत." दुसरा म्हणतो, "राहू दे, लागलं तर?" हे 'लागलं तर' फार मोठे असते. त्याच्या पोटात छत्री, स्वेटर, लोणच्याची बरणी, जादा चादर असे सगळे मावते. एस.टी.ने जायचे असेल, तर हा वाद फार वाढत नाही. पिशवी बाकाखाली सरकवली की भांडण मिटले. पण सारे घरच चाकांवर चालणार असेल तर?

परदेशात अशा गाड्या आहेत. त्यांना 'मोटरहोम' म्हणतात. एकाच गाडीत पुढे चालकाची जागा आणि मागे छोटेसे घर असते. झोपायला पलंग, गॅसची शेगडी, लहान फ्रिज, पाण्याची टाकी आणि न्हाणीघर, सारे काही त्यात असते. मोटारीच्या मागे जोडून जे घर ओढत नेतात, त्याला इंग्लंडमध्ये 'कॅराव्हॅन' म्हणतात. हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला ना? तो तुमचाच 'कारवाँ' आहे. फारसीतला हा शब्द युरोपात गेला आणि वेश बदलून परत आपल्याकडे आला. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले.

आता मी तुम्हांला माझ्या खाला आणि खालूंची गोष्ट सांगतो. दोघेही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. आता ते इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहरात राहतात. खालू तरुणपणी जहाजावर इंजिनखात्यात कामाला होते. पुढे ते इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आणि १९९८ साली त्यांनी मोटार चालवण्याची परीक्षा दिली. नोकरी संपल्यावर त्यांनी एक जुनी मोटरहोम विकत घेतली. २०१९ च्या उन्हाळ्यात दोघांनी ठरवले, की दोन आठवडे स्कॉटलंडमध्ये फिरायचे. तिथले डोंगर आणि तळी पाहायची.

निघायच्या चार दिवस आधी सामान भरायला सुरुवात झाली आणि वादालाही सुरुवात झाली.

खालाने दोन जाड रजया घेतल्या. गरम कपडे घेतले. तांदूळ, कणीक, डाळी, मसाले घेतले. कुकर, तवा, मोठे पातेले घेतले. एवढ्यावर न थांबता लोखंडी खलबत्ताही घेतला.

खालू म्हणाले, "अगं, आपण फिरायला चाललोय की घर बदलतोय? मी सहा-सहा महिने बोटीवर एका पिशवीवर काढले आहेत."

खाला म्हणाली, "अहो, तुमची ती एक पिशवी दिसते. पण मागच्या कप्प्यात काय काय भरलंय, ते सांगा ना!"

खालूंचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांची कपड्यांची पिशवी खरोखरच लहान होती. पण मागच्या कप्प्यात हत्यारांची पेटी होती. जॅक होता, जादा बॅटरी होती, साखळी होती, जाड दोर होता. खालूंच्या मते हे सामान नव्हतेच. ती गरज होती!

मित्रांनो, इथे क्षणभर थांबा आणि विचार करा. खाला इतके कपडे का घेत होती? ती पहिल्यांदा इंग्लंडला गेली, तेव्हा ऐन हिवाळा होता. तिच्याजवळ एकच पिशवी होती आणि पिशवीत एकही गरम कपडा नव्हता. ती थंडी ती अजून विसरलेली नाही. आणि खालू इतकी हत्यारे का घेत होते? भर समुद्रात इंजिन बंद पडले, तर हाताशी जे असेल त्यावरच काम भागवावे लागते, हे त्यांनी अनेकदा पाहिले होते. दोघेही आपापली जुनी भीती गाडीत भरत होते. पण प्रत्येकाला दुसऱ्याची भीती फुकटची वाटत होती.

शेवटी शेजाऱ्याने एक सल्ला दिला, "भांडता कशाला? वजनकाट्यावर जा."

वजनकाटा तुम्ही पाहिला असेल. साखर कारखान्याच्या फाटकाशी उसाच्या गाड्या रांगेत उभ्या असतात. भरलेली गाडी काट्यावर जाते, रिकामी झाली की पुन्हा जाते. दोन वजनांतला फरक म्हणजे ऊस. इंग्लंडमध्येही असे काटे असतात. मोटरहोमवाले तिथे पैसे देऊन आपली गाडी तोलून घेतात.

तोलायचे कशासाठी? प्रत्येक गाडीला एक पट्टी लावलेली असते. गाडीचे एकूण वजन जास्तीत जास्त किती असावे, ते तिच्यावर लिहिलेले असते. खालूंच्या गाडीची मर्यादा ३५०० किलो होती. शिवाय ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पासून मोटारीची परीक्षा पास झालेल्यांना साध्या परवान्यावर यापेक्षा जड डिझेल गाडी चालवता येत नाही. म्हणजे खालूंना दोन्हीकडून एकच मर्यादा होती.

दोघे गाडीत बसले, सगळे सामान भरले आणि गाडी काट्यावर नेली. काट्याने दाखवले, ३५८५ किलो! म्हणजे ८५ किलो जास्त.

घरी येऊन खालाने वही घेतली आणि हिशोब मांडला :

रिकामी गाडी (डिझेलसह) – ३०३० किलो
दोन माणसे – १४५ किलो
पाण्याची भरलेली टाकी – १०० किलो
गॅसच्या दोन टाक्या – ५० किलो
दोन सायकली – ३५ किलो
घडीचे टेबल आणि खुर्च्या – २० किलो
बाकीचे सामान – २०५ किलो

या २०५ किलोत खालाच्या सामानाचे वजन १३० किलो भरले आणि खालूंच्या हत्यारांचे ७५ किलो. खालू म्हणाले, "बघ, तुझंच जास्त आहे." खाला म्हणाली, "त्या १३० मध्ये तुमचे कपडे आहेत, तुमची रजई आहे आणि तुमचं दोन आठवड्यांचं जेवणही आहे. ते उतरवू का?" खालू गप्प झाले.

तुम्ही म्हणाल, ८५ किलोने एवढे काय बिघडते? गाडी तर चालतेच! पण जड गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक दाबल्यावर ती जास्त अंतर पुढे जाते. टायरवर सोसवेल त्यापेक्षा जास्त भार पडला, तर तो तापतो आणि भर वेगात फुटू शकतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ रस्त्यांवर चढउतार पुष्कळ. तिथे अशी गाडी स्वतःच्याच नव्हे, तर समोरून येणाऱ्याच्याही जिवाला धोका ठरते. म्हणूनच तिथले अधिकारी वाटेत गाड्या थांबवून तोलतात. वजन जास्त भरले, तर दंड होतो. ओझे कमी केल्याशिवाय पुढे जाऊ देण्यास ते नकार देऊ शकतात.

हिशोबाची वही पाहता पाहता खालाचे लक्ष एका आकड्याकडे गेले. पाणी, १०० किलो! एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. शंभर लिटरची टाकी काठोकाठ भरली, म्हणजे शंभर किलोचे ओझे गाडीत चढले. चार दिवस दोघे एकमेकांच्या पिशव्यांकडे बोट दाखवत होते. जे ओझे सहज कमी करता येण्याजोगे होते, ते दोघांपैकी कोणाच्याच पिशवीत नव्हते! मुक्कामाच्या ठिकाणी नळ असतातच. मग वाटेपुरते वीस लिटर पाणी ठेवले, तरी पुरे. एका झटक्यात ८० किलो कमी झाले.

अजून पाच किलो उरले होते. पण परतताना थोडी खरेदीही होणार. म्हणून आणखी जागा करायला हवी होती. तेव्हा खाला म्हणाली, "अहो, आतापर्यंत आपण एकमेकांचं सामान काढत होतो. आता प्रत्येकाने आपापलं काढायचं." हा उपाय नामी ठरला. खलबत्ता, मोठे पातेले आणि जादा धान्य खालाने आपण होऊन उतरवले. ३० किलो कमी झाले. खालूंनी जादा बॅटरी आणि साखळी उतरवली. २५ किलो कमी झाले. गाडी पुन्हा काट्यावर गेली. वजन भरले ३४५० किलो. पन्नास किलोची जागा शिल्लक राहिली.

एक छोटा डबा मात्र खालाने उतरवू दिला नाही. खालूंनी विचारले, "यात काय आहे?" तिने डबा उघडला. आत खालूंच्या रक्तदाबाच्या तीन आठवड्यांच्या गोळ्या आणि त्यांचा दुसरा चष्मा होता. डब्याचे वजन एक किलोसुद्धा नव्हते. काटा वजन सांगतो, मोल सांगत नाही, हे खालूंना तेव्हा पटले.

सामान कमी करणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते नीट लावणेही महत्त्वाचे असते. जड वस्तू खाली आणि पुढच्या व मागच्या चाकांच्या मधल्या भागात ठेवतात. हलक्या वस्तू वरच्या कपाटात ठेवतात. सगळे जड सामान मागच्या टोकाला भरले, तर पुढची चाके हलकी होतात आणि गाडी नीट वळत नाही. खालूंची हत्यारपेटी मागच्या कप्प्यात होती. ती मध्यभागी पलंगाखाली, खालाच्या तांदळाशेजारी आली.

जास्त सामान फक्त बायकाच भरतात, असे कोणी म्हटले तर त्याला जॉन स्टाइनबेकची हकीकत सांगा. या अमेरिकन लेखकाने १९६० साली पाठीवर घर बांधलेल्या गाडीतून देशभर प्रवास केला. प्रवासात त्याच्यासोबत त्याचा कुत्रा होता. १९६२ साली त्याने त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. आपण हत्यारे, खाणे आणि पुस्तके गरजेपेक्षा कितीतरी जास्त भरली होती, हे त्याने त्यात स्वतःच कबूल केले आहे. त्याची ती गाडी आजही कॅलिफोर्नियातील सॅलिनास गावच्या संग्रहालयात ठेवलेली आहे.

मित्रांनो, तुम्ही कदाचित मोटरहोममध्ये कधी बसणार नाही. पण घरात, वर्गात, सहलीला तुम्हांला दुसऱ्यांबरोबर राहायचेच आहे. तिथे स्वतःचे ओझे गरज वाटते आणि दुसऱ्याचे ओझे अडगळ वाटते. असा वाद उभा राहिला, तर आवाज चढवू नका. वही घ्या, दोघांचेही सामान मोजा. दुसऱ्याने ती वस्तू का घेतली, हे एकदा विचारा. आणि काही कमी करायचे असेल, तर सुरुवात स्वतःच्या पिशवीपासून करा.

शब्दार्थ

हकीकत – घडलेली गोष्ट
स्थायिक होणे – कायमचे राहणे
खलबत्ता – मसाला कुटण्याचे भांडे व दांडा
वजनकाटा – भरलेली गाडी तोलण्याचे साधन
मर्यादा – हद्द
अडगळ – निरुपयोगी सामान
नामी – उत्तम

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खालूंच्या गाडीची वजनाची मर्यादा किती होती?
(आ) खालाने कोणता डबा उतरवू दिला नाही?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) खाला प्रवासात गरम कपडे जास्त घेत असे.
(आ) खालूंना हत्यारे बरोबर न्यावीशी वाटत.
(इ) जड वस्तू गाडीच्या मागच्या टोकाला ठेवू नयेत.

प्र. ३. पाठातील हिशोब वहीत उतरवा व बेरीज करा. टाकीत ४० लिटर पाणी ठेवले असते, तर शेवटी गाडीचे वजन किती भरले असते?

प्र. ४. भाषाभ्यास.
सामान, वजन, हिशोब हे शब्द उर्दूत आणि मराठीत सारख्याच अर्थाने येतात. पण काही शब्दांचा अर्थ बदलतो. मराठीत 'हत्यार' म्हणजे शस्त्र, तसेच कारागिराचे अवजारही. 'मुक्काम' म्हणजे प्रवासात थांबणे. हे दोन शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा.

प्र. ५. तुमच्या घरी प्रवासाच्या तयारीवरून झालेला एखादा वाद आठ-दहा ओळींत लिहा. दोन्ही बाजूंचे म्हणणे त्यात आले पाहिजे.